आकडे, लोकसंख्या आणि सामाजिक संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल, समाजकार्य किंवा अर्थशास्त्रात एम.ए. वा पीएच.डी. करणारे विद्यार्थी संख्यात्मक पद्धती शिकायला बसले की जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं शक्यतो महाराष्ट्रातली आहेत, कारण आपल्या ओळखीच्या जिल्ह्याचा आकडा चुकीचा वाचला तर तो लगेच खटकतो. काही उत्तरांत ठाम मतं आहेत. ती मतं म्हणूनच वाचावीत.

दहावीनंतर गणित सोडलं. मला हे जमेल का?

जमेल. टक्केवारी, गुणोत्तर, आलेख वाचणं आणि लॉगॅरिदमची तोंडओळख एवढ्यावर पहिलं वर्ष सहज निघतं. लोकसंख्याशास्त्राचा पाया मुख्यतः भागाकाराचा आहे. अवघड जातं ते दुसरंच: अंशात कोण आहे, छेदात कोण आहे आणि दोघं एकाच काळातले, एकाच जागचे आहेत का, हे दर वेळी न कंटाळता विचारणं. बी.एस्सी. संख्याशास्त्र करून आलेली मुलंही इथे अडखळतात. त्यांचं सूत्र पाठ असतं, पण छेद नेहमी प्रश्नपत्रिकेतून आयता मिळालेला असतो.

माझं काम मुलाखतींचं आहे. मला हे कशाला?

गडचिरोलीचं उदाहरण घ्या. ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात ३९ गावांत ही सेवा होती आणि तुलनेसाठी ४७ गावं होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला. हे म्हणता आलं, कारण त्याआधी प्रत्येक गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू मोजण्याची व्यवस्था उभी केलेली होती. पुढे ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातल्या बालमृत्यूंची सरकारी नोंद किती अपुरी आहे, हे मांडलं, तेही अशाच मोजणीच्या जोरावर.

आता उलट बाजू. जन्मून दोन तासांत गेलेलं बाळ नोंदवहीत ‘मृत जन्म’ म्हणून का जातं, किंवा मुळात जातच का नाही, हे कुठल्याही तक्त्यातून कळत नाही. त्यासाठी दाई, आई आणि नोंद करणारा माणूस या तिघांशी बोलावं लागतं. म्हणजे तुमच्या मुलाखतींची गरज कुठे आहे, हे मोजणीमुळे कळतं.

रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. म्हणजे कोकणात मुलींना जास्त मान आहे ना?

हा निष्कर्ष प्रबंधांत छापलेला पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरीचं लिंग गुणोत्तर ११२२ आणि सिंधुदुर्गचं १०३६ आहे. त्याच जनगणनेत मुंबई शहराचं ८३२ आणि मुंबई उपनगराचं ८६० आहे. हे आकडे एकाच कागदावर शेजारी मांडले की अर्धं उत्तर मिळतं. चाकरमानी मुंबईत मोजला गेला आणि त्याची आई, बायको, विधवा काकू गावी मोजली गेली. त्यातच २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या जवळपास ५ टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गचीही घटली. जिल्ह्यातून माणसं बाहेर पडत असली आणि त्यात कमावते पुरुष जास्त असले, तर मागे राहिलेल्यांत स्त्रियांचं प्रमाण वाढणारच.

मुलींना जगू दिलं जातं का, हे पाहायचं असेल तर छेद बदलावा लागतो. शून्य ते सहा वयाची मुलं सहसा एकटी स्थलांतर करत नाहीत, म्हणून बाल लिंग गुणोत्तर पाहायचं. महाराष्ट्राचं एकूण गुणोत्तर २००१ मध्ये ९२२ होतं, २०११ मध्ये ९२९ झालं. वरवर सुधारणा. पण बाल लिंग गुणोत्तर ९१३ वरून ८९४ वर आलं. बीडमध्ये ते ८९४ वरून ८०७ झालं. एकाच जनगणनेतले हे दोन आकडे उलट दिशेने चालले आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १०२० आलं होतं. मग जनगणनेचं ९४३ खोटं?

नाही. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत १०२० हा आकडा आला, तेव्हा ‘देशात प्रथमच स्त्रिया जास्त’ असे मथळे झळकले. तो आकडा कुणाचा, हे फार थोड्यांनी वाचलं. सर्वेक्षणातलं हे गुणोत्तर आदल्या रात्री त्या घरात झोपलेल्या माणसांचं असतं. वसतिगृहं, लष्कराच्या छावण्या, बांधकामावरच्या मजुरांच्या वस्त्या, ट्रकमध्ये झोपणारे चालक यात येत नाहीत. या गटांत पुरुषच जास्त.

याची परीक्षा घेणं सोपं आहे. याच सर्वेक्षणाच्या २००५-०६ च्या फेरीत गुणोत्तर १००० आलं होतं. पाच वर्षांनी, २०११ मध्ये, जनगणनेत ते ९४३ निघालं. फरक समाजात नव्हता, मोजणीच्या चौकटीत होता. त्याच पाचव्या फेरीत जन्मावेळचं लिंग गुणोत्तर ९२९ आहे, आणि मुलींबद्दल काही बोलायचंच असेल तर तो आकडा घ्यावा.

आमच्या जिल्ह्यात मुलींचा जन्मदर वाढला, अशी बातमी आली आहे. ती वापरू का?

आधी तो दर किती जन्मांवर काढला, ते शोधा. समजा, सर्वेक्षणाच्या नमुन्यात एका जिल्ह्यातले पाच वर्षांतले ३५० जन्म आले आणि त्यांतून गुणोत्तर ९२३ निघालं. या ३५० वर ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरं गुणोत्तर ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता आहे ती पट्टी, काढली तर ती साधारण ७५० ते ११४० येते. दुसऱ्या शब्दांत, भयंकर परिस्थिती आणि उत्तम परिस्थिती या दोन्हींशी हा आकडा सुसंगत आहे. मागच्या फेरीत ८५० होतं, आता ९५० झालं, म्हणून एखाद्या योजनेची पाठ थोपटणं किंवा जिल्हाधिकाऱ्यांना जाब विचारणं, दोन्ही तितकंच निराधार. जिल्हा पातळीवर जन्मांची नागरी नोंदणी पाहा, तीही तीन-चार वर्षं एकत्र करून.

महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे. म्हणजे राज्यातल्या बायकांना सरासरी १.७ मुलं आहेत?

नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाआधीच्या तीन वर्षांत १५ ते १९, २० ते २४ अशा सात वयोगटांत दर स्त्रीमागे किती जन्म झाले ते काढतात. त्या दरांची बेरीज करून पाचाने गुणतात, कारण प्रत्येक गटात स्त्री पाच वर्षं राहते. मिळतो तो एका काल्पनिक बाईचा आकडा, जी आजचे सगळे वयोगट आजच्याच दराने पार करते. प्रत्यक्षात आज ४९ वर्षांच्या असलेल्या बाईने तिची मुलं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी, वेगळ्याच दरांच्या काळात जन्माला घातली. तिच्या मुलांची सरासरी १.७ पेक्षा जास्त असते.

लगेच पुढचा प्रश्न येतोच: प्रतिस्थापन पातळी, म्हणजे एका पिढीची जागा पुढची पिढी जेमतेम भरून काढेल तो जननदर, २.१ म्हणतात, देशाचा दर पाचव्या फेरीत २.० आणि गोव्याचा १.३, तर लोकसंख्या वाढते कशी? कारण मागच्या पिढीतल्या जास्त जन्मांमुळे आज मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियाच संख्येने खूप आहेत. प्रत्येकीला कमी मुलं झाली तरी एकूण जन्म मृत्यूंपेक्षा जास्त राहतात. ‘लोकसंख्येचा स्फोट’ हा शब्द अजून भाषणांत येतो, तो ज्या आकड्यांवर बेतला होता ते आकडे केव्हाच मागे पडले.

आयुर्मान ७० म्हणजे लोक सत्तरीला जातात असं?

असं नव्हे. हाही त्या वर्षाच्या मृत्युदरांतून जाणाऱ्या काल्पनिक पिढीचाच आकडा. १९११ ते १९२१ या दशकात, ज्यात १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला आणि देशाची लोकसंख्या चक्क घटली, भारताचं आयुर्मान सुमारे २० वर्षं धरलं जातं. तेव्हा माणसं विशीत म्हातारी होत नव्हती. खूप बाळं पहिल्या वर्षात जात होती आणि त्यांची शून्यं सरासरी खाली ओढत होती. जो पंचविशीपर्यंत पोचला, त्याच्यापुढे अजून बरीच वर्षं होती. जीवनसारणी एकदा हाताने, कागदावर भरा. एक लाख बाळांपासून सुरुवात करून दर वयाला किती उरले, ते लिहीत जायचं. दुपारभराचं काम आहे. त्यानंतर विमा, पेन्शन, बालमृत्यू, अगदी शाळेतली गळती आणि विवाहविच्छेद यांचे अभ्यासही त्याच सारणीच्या रूपात दिसू लागतात.

जाता जाता: केरळचा ढोबळ मृत्युदर, म्हणजे वय न पाहता दर हजार लोकांमागे वर्षात होणारे मृत्यू, बिहारपेक्षा जास्त असतो. कारण केरळमध्ये म्हातारी माणसं जास्त आहेत. वयरचना सारखी केल्याशिवाय दोन राज्यांचे मृत्युदर शेजारी ठेवू नयेत.

लोकांना स्वतःचं वय नक्की माहीत नसतं. मग या सगळ्याला अर्थ काय?

हा प्रश्न पुस्तक वाचून पडत नाही, प्रत्यक्ष गावोगाव माहिती गोळा करून आलेल्यालाच पडतो. कुठल्याही जनगणनेचा एकेका वर्षाचा वयाचा तक्ता उघडा: ३०, ३५, ४०, ४५ वर माणसांचे ढीग दिसतील आणि ३१, ३९, ४१ जवळपास ओस. हा ढीग मोजायला व्हिपल निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयांतल्या लोकांपैकी ज्यांच्या वयाच्या शेवटी ० किंवा ५ आहे ते मोजायचे, पाचाने गुणायचं, या वयोगटातल्या एकूण लोकांनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. कुणीच वय गोल करत नसेल तर १०० येतं, सगळेच करत असतील तर ५००. स्वतःच्या २०० प्रश्नावल्यांवरही हे करून पाहा. आकडा भलताच आला तर तुमच्या प्रगणकांनी, म्हणजे प्रश्नावल्या भरणाऱ्यांनी, वय विचारलं की नुसतं चेहरा पाहून लिहिलं, ते तपासायची वेळ आली आहे.

प्रत्यक्ष विचारताना घटनांची यादी जवळ ठेवतात. पानशेत फुटलं ते १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. ‘दुष्काळात थोरली रांगत होती’ एवढं कळलं तरी एका मुलीचं आणि तिच्या आईचं वय बऱ्यापैकी पक्कं होतं. यादी तालुक्यागणिक बदलावी लागते. कोयनेचा भूकंप पाटणमध्ये सर्वांना आठवतो, भामरागडमध्ये तो विचारून उपयोग नाही. तिथे दुसरी यादी गावातल्या वयस्करांकडून करून घ्यावी.

जन्ममृत्यूच्या नोंदीच अपुऱ्या असतील तर?

यावरचं एक सुंदर उत्तर भारतातल्या कामातून आलं. सी. चंद्रशेखरन आणि डेमिंग या दोघांनी १९४९ मध्ये, कोलकात्याजवळच्या सिंगूर भागातल्या नोंदींवरून एक पद्धत मांडली. समजा, नोंदवहीत ८० जन्म आहेत. स्वतंत्रपणे घरोघर विचारणाऱ्याला ७५ सापडले. दोन्हींत असलेले ६० आहेत. घरोघर फिरणाऱ्याला नोंदवहीतल्या ८० पैकी ६० सापडले, म्हणजे तो चारांतले तीन पकडतो. मग त्याचे ७५ हे खऱ्या संख्येच्या तीन चतुर्थांश असणार, म्हणून एकूण जन्म १००. दोघांच्याही हातून निसटलेल्या पाच जन्मांचा असा अंदाज लागतो.

अट एकच: दोन्ही नोंदी एकमेकींवर अवलंबून नसाव्यात. नोंद करणारा आणि विचारणारा दोघंही त्याच अंगणवाडी ताईंकडून माहिती घेत असतील तर सारख्या नोंदी फुगतात आणि अंदाज खाली येतो. ही अट परीक्षेत एका गुणाची असते, गावात तीच सगळी परीक्षा असते. देशाचे जन्म-मृत्युदर जिच्यातून निघतात, त्या आपल्या नमुना नोंदणी पद्धतीचा (एसआरएस) सांगाडाही दुहेरी नोंदीचाच आहे. एक जण वर्षभर नोंदी ठेवतो, दुसरा दर सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे विचारतो आणि न जुळणाऱ्या नोंदी प्रत्यक्ष जाऊन तपासल्या जातात.

मार्गदर्शक म्हणतात २०० प्रश्नावल्या भरून घे. पुरेत का?

कशासाठी आणि कशा निवडून, यावर आहे. खऱ्या यादृच्छिक नमुन्यात, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी प्रत्येकाला निवडीची सारखी संधी असलेल्या नमुन्यात, २०० माणसांवर काढलेल्या टक्केवारीची विश्वासमर्यादा अधिक-उणे ७ टक्के असते. ५ टक्के हवी तर सुमारे ३८५ लागतात. तालुका मोठा की राज्य मोठं, याने या संख्येत जवळपास फरक पडत नाही. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण ‘लोकसंख्येच्या १० टक्के’ हा नियम कुठूनतरी मनात बसलेला असतो. तो नियम विसरा.

पण तुम्ही यादृच्छिक २०० घेत नाही. १० गावं घेता आणि प्रत्येकी २० घरं. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात: पाणी तेच, शाळा तीच, पीक तेच, बहुधा वाडीही एकाच जातीची. हे साम्य शून्य ते एक या मापावर ०.०५ इतकं किरकोळ धरलं तरी नमुना-आराखड्याचा परिणाम, म्हणजे गावागावाने निवड केल्यामुळे नमुन्याची किंमत किती पटीने घटते ते, १ + १९ × ०.०५ म्हणजे १.९५ येतो. तुमच्या २०० ची किंमत १०३ वर येते आणि मर्यादा जवळपास १० टक्क्यांवर जाते. तेवढ्याच कष्टात २० गावं आणि प्रत्येकी १० घरं घेतली असती तर किंमत १३८ राहिली असती. एस.टी.चा खर्च वाढतो, हे खरं.

आणि मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटात गूगल फॉर्म टाकून आलेल्या २०० उत्तरांना कोणतीही मर्यादा लावू नका. ती उत्तरं निरुपयोगी नसतात, पण ती कुणाचं प्रतिनिधित्व करतात ते सांगता येत नाही. तेवढं स्पष्ट लिहा आणि पुढे जा.

पी-मूल्य ०.०५ च्या वर आलं. प्रबंध गेला का?

नाही. प्रत्यक्षात काहीच फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढंच पी-मूल्य सांगतं. फरक किती आहे आणि त्याची विश्वासमर्यादा काय, ते लिहा. चाळीस तक्त्यांवर चाळीस काय-वर्ग कसोट्या (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते तपासणाऱ्या) लावून त्यातल्या दोन ‘लागल्या’ म्हणून त्यांवर प्रकरण लिहिणं हा जास्त गंभीर प्रकार आहे. काहीच संबंध नसताना, नुसत्या योगायोगानेही चाळिसातल्या सरासरी दोन लागतातच.

जिल्ह्यांच्या आकड्यांवरून माणसांबद्दल बोलता येतं का?

जपून. १९५० मध्ये रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवर दाखवलं की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी होती. प्रत्यक्षात मात्र परदेशात जन्मलेली माणसं इतरांपेक्षा जास्त निरक्षर होती. ती साक्षर राज्यांत जाऊन स्थायिक झाली होती, इतकंच. ‘ज्या जिल्ह्यात अमुक समाज जास्त, तिथे तमुक पक्षाला मतं’ यावर उभे असलेले आपल्याकडचे निवडणूक लेख वाचताना हे आठवावं.

विश्लेषणासाठी संगणकावर कोणती प्रणाली शिकू: एसपीएसएस, स्टाटा की आर?

आर. मोफत आहे, चोरीची प्रत लागत नाही आणि केलेलं काम ओळीओळीने जतन होतं. तुमच्या विभागात सगळे स्टाटा वापरत असतील आणि परवाना असेल तर स्टाटा. एसपीएसएसची बटणं दाबून केलेलं विश्लेषण सहा महिन्यांनी स्वतःलाच पुन्हा करता येत नाही, ही त्याची खरी अडचण. एक्सेल तक्ता पाहायला ठीक, पण मूळ माहितीत त्यात बदल करू नका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मूळ माहिती विद्यार्थ्याला मिळते का? मिळाली तर आधी काय पाहायचं?

मिळते, मोफत. अभ्यासाचं छोटं टिपण देऊन नोंदणी करावी लागते. फायली वेगवेगळ्या असतात: घरांची, घरातल्या माणसांची, स्त्रियांची, मुलांची, जन्मांची, पुरुषांची. तुमचा प्रश्न कुणाबद्दल आहे, त्यावर फाइल ठरते. पाच वर्षांखालच्या मुलांची फाइल उघडून ‘स्त्रियांपैकी इतक्या टक्के’ असं लिहिणारे दर वर्षी भेटतात. ज्या बाईला दोन मुलं, ती तिथे दोनदा मोजली जाते.

मग भार, म्हणजे नमुन्यातली एक व्यक्ती प्रत्यक्षातल्या किती जणांच्या वतीने मोजायची तो आकडा. लहान राज्यांचे अंदाज काढता यावेत म्हणून तिथे लोकसंख्येच्या मानाने जास्त घरं घेतात. भार न लावता देशाची सरासरी काढली तर या लहान राज्यांचं वजन वाढतं. स्त्रियांच्या फाइलीत भार ‘व्ही००५’ या स्तंभात असतो आणि तो दहा लाखांनी भागून वापरायचा. नमुन्यात निवडलेल्या गावाची किंवा वस्तीची ओळख ‘व्ही०२१’ मध्ये, आणि निवड ज्या विभागांत वेगवेगळी केली तो स्तर ‘व्ही०२२’ मध्ये. हे तिन्ही संगणकाला न सांगता काढलेली प्रमाण-त्रुटी, म्हणजे जिच्यावरून विश्वासमर्यादा काढतात तो आकडा, चुकीची असते. घरगुती हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच निवडलेल्या स्त्रीला विचारले जातात, म्हणून त्याचा भार वेगळा आहे, ‘डी००५’.

संपत्तीचे पाच गट देशपातळीवर पाडलेले असतात. त्यामुळे महाराष्ट्रातली २० टक्के घरं ‘सर्वांत गरीब’ गटात येतील असं गृहीत धरू नका. नकाशा करणार असाल तर हेही माहीत असू द्या: गोपनीयतेसाठी गावांची स्थानं मुद्दाम हलवलेली असतात, शहरी भागात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५ पर्यंत, आणि काही थोडी १० पर्यंत. ‘सर्वेक्षणातलं गाव धरणापासून किती लांब’ हा अभ्यास त्यामुळे जमत नाही.

नवं काहीही करण्याआधी छापील अहवालातला एक आकडा स्वतः काढून पाहा. तो दशांशापर्यंत जुळला नाही, तर पुढे जायचं नाही.

२०११ चीच जनगणना अजून किती दिवस वापरायची?

पुढची होऊन तक्ते हाती येईपर्यंत. २०२१ ची झाली नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. तोवर २०११ चा आधार घेऊन पुढचे अंदाज वापरा आणि ते अंदाज आहेत हे प्रत्येक तक्त्याखाली लिहा. आपल्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ मराठीत असतं आणि फार कमी संशोधक ते उघडतात. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय सोयींची यादी असते. नमुना निवडायला तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

जातीचे आकडे कुठे मिळतील?

सर्व जातींची शेवटची प्रसिद्ध गणना १९३१ ची. त्यानंतर जनगणनेत फक्त अनुसूचित जाती आणि जमाती आहेत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतले जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. २०२७ मध्ये जात विचारली जाणार असल्याचं सरकारने जाहीर केलं आहे. सर्वेक्षणांतला ‘इतर मागासवर्ग’ हा उत्तर देणाऱ्याने सांगितलेला वर्ग असतो, कागदपत्र पाहिलेला नव्हे. तक्त्यात तसं नमूद करा.

रीतसर शिक्षण कुठे घेता येईल?

मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, म्हणजे आयआयपीएस. १९५६ मध्ये भारत सरकार, सर दोराबजी टाटा ट्रस्ट आणि संयुक्त राष्ट्रं यांच्या सहकार्याने ती प्रशिक्षण केंद्र म्हणून सुरू झाली. आशिया आणि पॅसिफिकमधल्या देशांतून अधिकारी इथे शिकायला येत. वर उल्लेख आलेले चंद्रशेखरन या केंद्राचे संचालक होते. १९८५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आणि ४५ वर्षांपुढच्यांचा ‘लासी’ हा अभ्यास इथूनच चालतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमांना समाजशास्त्रांतल्या पदवीधरांसाठीही वाट आहे. पात्रता त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावी, ती बदलते.

पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, १९३० ची. धनंजयराव गाडगीळांच्या काळात तिथे शहराची आणि गावांची जी पाहणी झाली, ती वाचताना जाणवतं की संगणक नसतानाही नमुन्याबद्दल ही माणसं आजच्या अनेक प्रबंधांपेक्षा सावध होती. वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या जनन-मृत्यूचं सर्वेक्षण केलं, ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झालं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १८ लोकसंख्या संशोधन केंद्रांपैकी एक या संस्थेत आहे. बेळगाव-धारवाडकडच्यांसाठी धारवाडलाही एक आहे.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेच्या अनुदानातून होणारे पीएच.डी. विद्यार्थ्यांचे दहा दिवसांचे पद्धतिशास्त्र वर्ग असतात. त्यांचा दर्जा आयोजकावर अवलंबून. वेळापत्रकात उद्घाटन आणि समारोपाला एकेक दिवस असेल आणि संगणकावरच्या सरावाला अर्धा, तर जाऊ नका.

परदेशातले उन्हाळी वर्ग?

मिशिगन विद्यापीठात ॲन आर्बर इथे १९६३ पासून आणि इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये १९६८ पासून सामाजिक विज्ञानांसाठी असे वर्ग चालतात. शुल्क आपल्या मानाने जबर. शिष्यवृत्तीशिवाय विचार करू नये. ऑनलाइन तुकड्या असल्या तर त्या पाहाव्यात. निव्वळ लोकसंख्याशास्त्रासाठी जर्मनीत रोस्टॉकची मॅक्स प्लांक संस्था आहे. अपुऱ्या नोंदींतून जन्ममृत्यूचे अंदाज कसे काढावेत, यावर आंतरराष्ट्रीय लोकसंख्या अभ्यास संघाने ठेवलेलं मोफत साहित्य मात्र घरबसल्या वाचता येतं, आणि आपल्या गरजेला ते जास्त जवळचं आहे.

कोड चॅटजीपीटीकडून लिहून घेतला तर चालेल?

चालेल, पण छेद कोणता घ्यायचा ते त्याला तुम्हीच सांगायचं आहे. भार लावायला तो विसरला तर तक्ता तेवढाच देखणा दिसतो. अहवालातल्या आकड्याशी जुळवण्याची वरची परीक्षा इथेही घ्या.

नोकरी?

सर्वेक्षण संस्था, आरोग्य क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्था, बाजार संशोधन, विद्यापीठं. भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला संख्याशास्त्राची पदवी लागते, तिथे समाजशास्त्राची चालत नाही. ‘पॉप्युलेशन स्टडीज’ हा नेटमध्ये स्वतंत्र विषय आहे.

एकट्यानेच सुरुवात करायची तर पहिले दोन महिने काय करू?

आपल्या जिल्ह्याचा २०११ चा वयनिहाय तक्ता उतरवा. व्हिपल निर्देशांक काढा, स्त्री-पुरुषांचा वेगवेगळा. पाच वर्षांचे गट करून लोकसंख्येचा मनोरा हाताने काढा आणि त्यात कुठे खाच आहे, कुठे फुगवटा, ते गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा. गेलेली माणसं कुठे गेली, ते बहुतेकदा तोच सांगेल. मग तोच मनोरा मुंबई उपनगरासाठी काढा. त्यानंतर आर उतरवून घ्या, कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची फाइल मागवा आणि महाराष्ट्राचा १.७ स्वतः काढून पाहा. पहिल्या खेपेला तो जुळणार नाही. भार लावला का, तीन वर्षांचाच कालावधी घेतला का, आणि छेदात अविवाहित स्त्रिया धरल्या का, या क्रमाने तपासा.